गाण्याआडचं टिणटिण

गाडी लांब चढावर चौथ्या गिअरमध्ये होती, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर अर्ध्याहून अधिक रुतलेला, आणि शेजारी बसलेली धाकटी बहीण बोलता बोलता थांबली. "दादा, हे काय वाजतंय?" तिला गाड्यांतलं काही कळत नाही, कळून घ्यायची इच्छाही नाही. गाडी म्हणजे तिच्या लेखी रंगावरून ओळखायची वस्तू. पण कान तिचे फार तिखट. "पत्र्याच्या डबीत खिळे घालून कोणीतरी हलवतंय असं," ती म्हणाली. वर्णन इतकं नेमकं होतं की मला तिचा राग आला. कारण तो आवाज मी चार दिवसांपासून ऐकत होतो आणि त्याला नाव द्यायचं टाळत होतो. "रस्ता खडबडीत आहे," मी म्हणालो, आणि माझा हात आपसूक स्टेरिओकडे गेला. गाणं दोन पायऱ्या वर चढलं, डबीतले खिळे त्याच्याखाली गाडले गेले. तिने एकदा खिडकीबाहेर पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा आपल्या गोष्टीचा धागा उचलला.

रस्ता आरशासारखा गुळगुळीत होता.

खोटं बोलल्याचं मला फारसं काही वाटलं नाही, बहीण-भावांत तेवढं चालतं. खुपली ती हाताची चपळाई. विचार सुरू व्हायच्या आत हात बटणावर पोचला होता. ज्या माणसाने दोन वर्षं फक्त आवाजासाठी गाडीवर हात चालवला, सायलेन्सरचा सूर किंचित खर्जात जावा म्हणून आख्खा एक रविवार गाडीखाली उताणा पडून काढला, त्याच माणसाने इंजिनाच्या पहिल्या खऱ्या बोलण्यावर गाणं चढवलं. गाडीवेड्यांचे कान मोठे निवडक असतात. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोची शीळ त्यांना दोन गल्ल्या पलीकडून ऐकू येते, आणि स्वतःच्या पिस्टनवर पडणारा हातोडा बॉनेटखालून ऐकू येत नाही.

काय काय बदललं होतं ते सांगतो. आधी टर्बोच्या मागचा, धूर बाहेर नेणारा डाउनपाइप, मोठ्या व्यासाचा. मग टर्बोने दाबून तापवलेली हवा थंड करणारा इंटरकूलर. मग या दोन्हींना धरून इंजिनाच्या कंप्युटरचा नवा मॅप, म्हणजे बूस्ट, टर्बोच्या हवेचा दाब, किती, पेट्रोल किती, पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी स्पार्क, हे सगळं नव्याने बसवलेलं. ज्याने मॅप केला तो पोरगा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण कामाचा काटेकोर. त्याने लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसून गाडी पळवायला लावली, तीन-तीनदा नोंदी घेतल्या, एका ठिकाणी स्पार्क दोन अंश मागे घेतला आणि म्हणाला, "एवढं पुरे. याच्या पुढे मागू नका." मी मान डोलावली. पुढचे दोन महिने इंजिन असं चाललं की सिग्नलला उभं असतानाही मन प्रसन्न असायचं. आणि मग एका निवांत दुपारी, काही कारण नसताना, मी एअर फिल्टरचं मूळचं काळं खोकं काढून तिथे उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर आणि चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पाइप बसवला. अर्ध्या तासाचं काम. त्या पाइपमुळे टर्बो श्वास घेतो ते ऐकू यायला लागलं, पाय उचलला की एक लांब सुस्कारा. सगळं त्या सुस्काऱ्यासाठी. हा 'बदल' आहे असं मला तेव्हा वाटलंच नाही. आरसा बदलावा किंवा मॅट बदलावी, त्या खात्यात मी तो टाकून दिला.

त्या रात्री झोप आली नाही. अंधारात पडल्या पडल्या मी तोंडाने तो आवाज काढून पाहत होतो. टिणटिण, की टकटक? की ठक, ठक, ठक? हसण्यासारखं आहे, पण सगळं निदान या अक्षरांतच दडलेलं असतं. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं की आवाज जड येतो, पोटातून येतो, ठक ठक, इंजिनाच्या फेऱ्यांशी ताल धरून. पेट्रोल कुठलंही भरा, त्याला फरक पडत नाही. उलट चढ संपल्यावर पाय सोडताना तो कधी कधी अधिकच स्पष्ट होतो. पिस्टनची सैल थप्पड थंड इंजिनात ऐकू येते आणि गरम झाल्यावर विरते. वरची टकटक, व्हॉल्व्हकडची, शिवणयंत्रासारखी, क्रँकच्या निम्म्या चालीने. आणि नॉकिंग, ज्याला इंजिन ठोकतंय म्हणतात, ते ओझ्याखालीच बोलतं. उभ्या गाडीत कितीही रेस करा, गप्प. चढ द्या, वरचा गिअर द्या, पाय दाबा, की सुरू. हलकं, कोरडं, धातूचं. मी अंथरुणात हे सगळं माझ्या आवाजाला लावून पाहिलं आणि दर वेळी उत्तर तेच आलं. तरी मनाने एक पळवाट शोधलीच: एक्झॉस्टवरची पत्र्याची हीट शील्ड. सैल पत्रा अगदी असाच वाजतो. सकाळी उठून पत्राच आवळायचा, असं ठरवून मी झोपलो.

सकाळी पत्रा आवळला. पत्रा आधीपासूनच घट्ट होता.

नॉकिंग म्हणजे काय हे मला ठाऊक होतं, पण ते कागदावरचं ठाऊक. सिलिंडरमध्ये पेट्रोलचा स्फोट होतो असं आपण सरसकट म्हणतो. निरोगी इंजिनात स्फोट होत नाही. स्पार्क पडतो, तिथून ज्योत निघते आणि कोरड्या गवताला वणवा लागावा तशी पसरत जाते, सेकंदाला वीस-तीस मीटरच्या आसपास. सिलिंडरच्या आकाराच्या मानाने हा वेग काही फार नाही. ज्योत पुढे सरकते तसा जळलेला वायू फुगतो आणि कडेला उरलेल्या, अजून न जळलेल्या मिश्रणाला भिंतीशी दाबत नेतो. दाबलं की तापतं. त्या शेवटच्या कोपऱ्याचं सगळं आयुष्य ही एक शर्यत असते: ज्योत पोचते की त्याआधी तो कोपरा स्वतःच पेटतो? ज्योत आधी पोचली तर काहीच ऐकू येत नाही. कोपरा आधी पेटला तर आख्खाच्या आख्खा एका क्षणात पेटतो, आणि दाबाची लाट सिलिंडरच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत राहते. ती जो सूर काढते तो सिलिंडरच्या व्यासावर ठरतो. माझ्या इंजिनाचा बोअर, म्हणजे हाच व्यास, ८२ मिलिमीटर. गरम वायूत आवाजाचा वेग सेकंदाला साडेनऊशे मीटर धरला तर सूर येतो साधारण ६,८०० हर्ट्झचा. मोठ्या बोअरचं इंजिन याहून खालच्या पट्टीत ठोकेल, छोट्याचं वरच्या. बहिणीने ऐकलेले डबीतले खिळे म्हणजे ही लाट लोखंडाच्या ब्लॉकमधून गाळून बाहेर आलेली.

आवाजाने काही मोडत नाही, मोडतं ते त्या लाटेने. पिस्टनचं डोकं अ‍ॅल्युमिनियमचं, जे ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, आणि त्याच्यावर जळणारा वायू २,००० अंशांच्या वर. मधे वाचवणारं काय, तर धातूला चिकटून राहिलेला स्थिर वायूचा एक केसाएवढा पातळ पदर, आणि मागून थंड करणारं तेल नि पाणी. नॉकची लाट तो पदर खरवडून काढते. एकदोनदा झालं तर इंजिन सोसतं. तासन्‌तास होत राहिलं तर पिस्टनची कड वाळूने घासल्यासारखी खडबडीत होते, दोन रिंगांमधली धातूची पट्टी तडकते, हेड गॅस्केट जातं. आणि एखादा भाग इतका तापतो की स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटवायला लागतो. ते आणखी वेगळं दुखणं, प्री-इग्निशनचं. त्यात इंजिन कधी कधी आवाजसुद्धा न करता जातं.

माझ्या मनात पहिला आरोपी अर्थातच दुसरं कोणीतरी होतं. पेट्रोल खराब असणार. म्हणून टाकी जवळजवळ रिकामी होऊ दिली आणि वरच्या ऑक्टेनचं, म्हणजे आपोआप पेटायला जास्त दम धरणारं पेट्रोल भरलं. तोच चढ, तोच गिअर, तेवढाच पाय. आवाज अर्धा झाला. माझा जीव भांड्यात पडला, आणि नेमकं तेच चुकलं. ऑक्टेन वाढवल्यावर आवाज कमी होतो याचा अर्थ एवढाच की तो आवाज खरोखर नॉकचा आहे. बेअरिंगला ऑक्टेनचं काय पडलंय? निदान म्हणून ही चाचणी फार चांगली, उपचार म्हणून ती स्टेरिओचंच बटण. कोपरा का तापतोय ते तसंच राहतं, फक्त त्याची सहनशक्ती वाढते. मी मात्र दोन आठवडे ते महागडं पेट्रोल भरून, उरलेल्या अर्ध्या आवाजाला 'एवढं चालतं' म्हणत हिंडलो.

ऑक्टेनचा आकडा कुठून आला याची हकीकत मला नेहमी गंमतशीर वाटते. १९२६च्या सुमारास ग्रॅहॅम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने दोन टोकं ठरवली: जे अजिबात दम धरत नाही ते हेप्टेन शून्यावर, जे शेवटपर्यंत दम धरतं ते आयसो-ऑक्टेन शंभरावर. शुद्ध हेप्टेन त्या काळी एका जातीच्या पाइन झाडाच्या डिंकातून काढत. मग एक सिलिंडरचं इंजिन, ज्याचं कॉम्प्रेशन चालू असताना वरखाली करता येतं, त्यात पेट्रोल जाळायचं आणि ते कुठल्या मिश्रणासारखं ठोकतंय ते पाहायचं. रिसर्च पद्धतीत हे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालतं, मोटर पद्धतीत ९०० फेऱ्यांवर, आणि तिथे मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवलेलं. म्हणूनच एकाच पेट्रोलचे दोन आकडे निघतात आणि दुसरा नेहमी पडेल असतो. उकाड्यात, वाहतुकीत अडकून भट्टी झालेल्या बॉनेटखाली, माझं इंजिन त्या दुसऱ्या आकड्याच्या जास्त जवळ जगत होतं. पंपावरच्या फलकावरचा आकडा वाचून मी निर्धास्त होतो ते काही खरं नव्हतं.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. थॉमस मिजली नावाच्या तरुण इंजिनिअरला १९१६ मध्ये त्याचा वरिष्ठ चार्ल्स केटरिंग याने या ठोकण्याच्या मागे लावलं. दोघांना वाटलं, इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषेल आणि नीट जळेल. अंदाज एका रानवेलीवरून बांधलेला, जिच्या पानांची पाठ लाल असते आणि जी बर्फातसुद्धा लवकर फुलते. लाल रंग हाताशी नव्हता म्हणून मिजलीने आयोडीन घातलं. ठोकणं थांबलं! मग खरे लाल रंग आणून घातले, तर एकाचाही उपयोग नाही. काम आयोडीनने केलं होतं, रंगाने नाही. चुकीच्या कल्पनेने बरोबर दार उघडण्याचा इतका निर्मळ नमुना विरळा. पुढे कित्येक पदार्थ चाळत ९ डिसेंबर १९२१ला ते शिशाच्या संयुगापाशी पोचले. चिमूटभर टेट्राएथिल लेड, आणि इंजिन गप्प. १९२४च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका रिफायनरीत हे रसायन हाताळणारे कामगार भ्रमिष्ट झाले, पाच जण दगावले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीने पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुऊन दाखवले आणि मिनिटभर त्याचा वासही घेतला. स्वतः शिशाच्या विषबाधेतून उठलेला माणूस. गाड्यांसाठी शिसं घातलेलं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते जुलै २०२१ मध्ये थांबलं. इंजिनातला खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून जगाने जवळजवळ शंभर वर्षं हवेत शिसं सोडलं. ते हात धुण्याचं दृश्य मला स्टेरिओचं बटण आठवलं की हमखास दिसतं. तुलना फार ताणलेली आहे, कबूल. पण दिसतं.

शेवटी मी लॉग, म्हणजे चालत्या इंजिनाच्या कंप्युटरमधल्या नोंदी, काढायला बसलो. गाडीचा कंप्युटर वाचायच्या ओबीडीच्या खाचेत एक छोटी डबी, फोनवर आकडे. हे काम खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं, पण आकडे काढले की ते नाकारता येत नाहीत, म्हणून बहुधा टाळलं होतं. इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने आवळलेला नॉक सेन्सर असतो. आत पिझो सिरॅमिकची एक चकती, दाबली की वीज देणारी. ज्याक आणि प्येर क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधलेला गुण तिथे दर सेकंदाला राबत असतो. कंप्युटर सेन्सरचं अखंड ऐकत बसत नाही. प्रत्येक स्पार्कनंतर, पिस्टन वरच्या टोकावरून खाली निघाला की, एक खिडकी उघडून तेवढंच ऐकतो. ठरलेल्या पट्टीतला सूर ठरलेल्या मर्यादेवर गेला की त्या सिलिंडरचा स्पार्क काही अंश मागे घेतो. मग हळूहळू पुन्हा पुढे सरकतो, पुन्हा ठोकलं की पुन्हा मागे. माझ्या लॉगमध्ये ३,००० फेऱ्यांना पूर्ण पाय दिल्यावर तिसऱ्या सिलिंडरपुढे उणे पाच लिहिलेलं होतं. म्हणजे चढाच्या ऐन मध्यावर गाडी पाच अंश माघार घेऊन चालली होती. ताकद वाढवायला केलेल्या खटपटीनंतर ती आधीपेक्षा मंद झाली होती, आणि मी मात्र शिळेवरून वेग मोजत होतो.

इथे एक अर्धा विजय मिळाला आणि त्याने माझे आणखी चार दिवस खाल्ले. लॉगमध्ये गिअर बदलतानाही उणे एक, उणे दीड असे आकडे दिसत होते. तिथे ओझंच नसतं, तर ठोकेल काय? म्हणजे सेन्सरला काहीतरी भलतंच ऐकू येत होतं. सेन्सरचा बोल्ट तपासला. तो साधारण २० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो, मधे वॉशर न घालता, नाहीतर बहिरा तरी होतो किंवा भित्रा तरी. तो ठीक होता. मग गाडीखाली शिरलो तेव्हा दिसलं, नवा डाउनपाइप एका ब्रॅकेटच्या कडेला टेकत होता. इंजिन झटक्याने हललं की धातूवर धातू, टक. ब्रॅकेटवर घासल्याचा चकाकता डाग पडला होता. कानशीने घासून बोटभर फट केली. गिअर बदलतानाचे आकडे शून्यावर आले. मला इतका आनंद झाला की मी मनातल्या मनात खटला निकाली काढला: सेन्सरचा गैरसमज होता, इंजिन निर्दोष आहे. दुसऱ्या दिवशी चढावर पुन्हा तिसऱ्यापुढे उणे पाच. खोटी तक्रार आणि खरी तक्रार एकाच वहीत लिहिलेल्या होत्या. मी खोटी खोडली आणि वही मिटून टाकली, एवढंच.

मग स्पार्क प्लग काढले. पहिला, दुसरा, चौथा, तिघांच्याही टोकाची चिनी माती फिकट तपकिरी, बघून बरं वाटावं अशी. तिसऱ्याची पांढुरकी, आणि तिच्यावर पेनातून शाई झटकल्यासारखे बारीक काळे ठिपके. भिंग लावून पाहिलं तर त्यांत दोन ठिपके चमकत होते. चांदीसारखे. धातूरूपातलं अ‍ॅल्युमिनियम प्लगच्या टोकाशी कुठेही नसतं. ते पिस्टनचंच असणार. मी प्लग हातात घेऊन बराच वेळ गॅरेजच्या पायरीवर बसलो. कोणी येऊन विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं की दोन ठिपक्यांकडे बघून एवढं गळून जायला काय झालं. पण ज्याला आपण इतके दिवस आवाज म्हणत होतो तो आता चिमटीत धरता येण्यासारखा, वजन असलेला पदार्थ झाला होता.

तरी कानाने एकदा ऐकायचंच, असा हट्ट धरला. यासाठी जुन्या लोकांची युक्ती आहे: तांब्याच्या नळीचं एक टोक ठोकून चपटं करायचं, त्याला भोक पाडून ते ब्लॉकवरच्या एखाद्या बोल्टखाली आवळायचं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती खिडकीतून आत घ्यायची आणि कारखान्यात कानावर घालतात त्या इअरमफना जोडायची. गाडी एका मित्राने चालवली, मी शेजारी डोळे मिटून. आधी नुसती गर्जना ऐकू आली, समुद्राच्या शिंपल्यात येते तशी, फक्त तापलेली. त्यात इंजेक्टरांची टिकटिक, चेनची सळसळ. चढ लागला. गर्जना दाट झाली. आणि मग तिच्यावर, काचेवर नाणं आपटावं तसा स्वच्छ आवाज, एक, मग दोन, मग चार लागोपाठ. स्टेरिओशिवाय, गाण्याशिवाय, रस्त्याच्या सबबीशिवाय. माझा खांदा आपोआप आक्रसला. "सोड, सोड, पाय सोड!" मी ओरडलो. मित्राला बाहेर काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला विंचू चावलाय.

मॅप करणाऱ्या पोराला फोन लावला. लॉग पाठवले. त्याने पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "मॅपनंतर काही बदललंय का तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

हे दुसरं खोटं मी जाणूनबुजून बोललो नाही, असं आजही स्वतःला सांगतो. पाइप त्या क्षणी खरंच आठवला नाही. किंवा आठवला आणि 'तो काय बदल आहे' म्हणून मागे ढकलला. हाताने बटण फिरवलं होतं तसंच जिभेने केलं. त्या भल्या माणसाने मग माझ्यावर विश्वास ठेवून तासभर डोकं खाजवलं. इंटरकूलर गळतोय का, पेट्रोलचा पंप थकलाय का, इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणाऱ्या ब्रीदरमधून तेलाची वाफ आत जातेय का. तेलाची वाफ मिश्रणाचा ऑक्टेन पाडते, तेव्हा शंका रास्त होती. आणि मग तो स्वतःशी पुटपुटावं तसं म्हणाला, "तुमची फ्युएल ट्रिम अधिक चौदा का दाखवतेय? मी सोडली तेव्हा अधिक एक होती."

अधिक चौदा. म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचा कौल घेऊन कंप्युटर नेहमीपेक्षा १४ टक्के जादा पेट्रोल देत होता, कारण त्याने मोजलेल्या हवेपेक्षा प्रत्यक्षात हवा जास्त येत होती. फोन कानाला धरूनच मी कॅलिपर घेतला आणि बॉनेट उघडलं. आत येणारी हवा मोजणारा मॅफ सेन्सर पाइपातच बसतो. त्याला सगळी हवा दिसत नाही, त्याच्या बारीक तारेवरून जाते तेवढीच, आणि पाइपाचा व्यास ठाऊक असल्याच्या भरवशावर तो बाकीची ताडतो. मूळच्या खोक्याचा पाइप फडताळावर धूळ खात होता: आतून ६० मिलिमीटर. चकचकीत पाइप: ६४. चार मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या निम्म्याहून कमी. पण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. ६४ भागिले ६०, त्याचा वर्ग: १.१३८. जवळजवळ चौदा टक्के! पाइप रुंद झाला म्हणून हवा सावकाश चालली, सेन्सरला वाटलं हवाच कमी आहे. पेट्रोलचा हिशेब ऑक्सिजन सेन्सरने मागून बराचसा सावरला, पण स्पार्कचा हिशेब कोण सावरणार? कंप्युटरला वाटत होतं इंजिनावर ओझं कमी आहे, आणि कमी ओझ्याला स्पार्क लवकर देतात. म्हणजे जिथे सांभाळून पाऊल टाकायचं, तिथेच त्याला मी खोटा नकाशा देऊन धावायला लावलं होतं. त्यात उघडा फिल्टर रेडिएटरमागची तापलेली हवा ओढत होता, तो वेगळाच. आणि तिसरं सिलिंडर बिचारं आधीपासूनच जरा जास्त तापणारं, म्हणून पहिल्यांदा ओरडलं ते.

फोनवर मी गप्प होतो. तोही. शेवटी म्हणालो, "एक पाइप बदलला होता रे. फिल्टरचा."

"सेन्सर त्याच पाइपात बसतो ना?" एवढंच तो म्हणाला. त्याने चिडायला हवं होतं. चिडला नाही याचंच जास्त लागलं.

जुनं खोकं परत बसवायला अर्धा तास लागला, तेवढाच जेवढा काढायला लागला होता. काळं, बोजड, क्लिपा मोडक्या, खालून गाडीच्या पुढच्या बाजूची थंड हवा घेणारं नाकाडं. ज्याने ते बनवलं त्याने ते नाकाडं तिथेच का ठेवलं, आतल्या जाळीने हवा सरळ करूनच सेन्सरवर का सोडली, याचा मी पाइप बदलताना अर्धा मिनिटही विचार केला नव्हता. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडून पिस्टन पाहिला: तिसऱ्याच्या कडेला नखाएवढ्या जागी पृष्ठभाग खरखरीत, बाकी ठीक. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत जवळजवळ सारखं. नवे प्लग, एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे. ट्रिम अधिक दोनवर आली. चढावर तिसऱ्यापुढे शून्य, कधीमधी उणे एक. टर्बोचा सुस्कारा मात्र गेला, आणि खरं सांगायचं तर मला त्याची आठवण येते. अधूनमधून मी तो चकचकीत पाइप हातात घेऊन बघतो. नवा व्यास धरून मॅप दुरुस्त करून घेतला तर तोही चालेल, त्यात न जमण्यासारखं काही नाही. अजून त्या पोराला फोन करायचा धीर झालेला नाही.

त्यानंतर एक खोड जडली आहे. आता मला सगळीकडे नॉक ऐकू येतं. लिफ्टमध्ये, पंख्यात, शेजाऱ्याच्या गाडीत. त्यांची गाडी थांबवून सांगावं असं दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा कळलं की डिकीत स्पॅनर सैल होता. कान एकदा उघडले की त्यांना झाकणी नसते. हे काही सुख नव्हे.

परवा बहीण पुन्हा गाडीत बसली. तोच रस्ता. ती काहीतरी सांगत होती, मी हं हं म्हणत होतो. चढ दिसायला लागला तसा मी स्टेरिओ बंद केला आणि काच चार बोटं खाली घेतली. तिने बोलणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"गाणं का बंद केलंस? लाव ना."

"लावतो," मी म्हणालो. "एवढा चढ होऊ दे."